तांबू क्राउड पुलर झाला

रामनगरच्या बाजारात मी तांबूला टेम्पोत चढवलं, तेव्हा अप्पांनी माझ्या थोबाडीत मारली. टपरीवरची सगळी माणसं चहा पिता पिता बघत होती.

"औताचं जनावर हाय ते. माणसं जमवाय न्हेतोस व्हय रं?"

मी ओठावरचं रक्त पुसलं आणि टेम्पोत बसलो. बापानं मारलं म्हणून पोरगं थांबतं, असं कुठं असतं?

तांबू आमच्या घरचा खोंड. दोन पावसाळे माझ्या हाताखाली भाताच्या चिखलात राबलेला. गोव्यात चोरून बैलांच्या झुंजी लावणाऱ्या एका मालकानं त्याची मान पाहिली आणि त्याच्यासकट मला कामावर बोलावलं. पहिल्याच झुंजीत तांबूनं समोरच्याचा डोळा फोडला. दुसरीत एकाचं शिंग मुळापासून मोडलं. मालक चारचौघांत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "क्राउड पुलर!" मला त्या शब्दाची कोण ऐट. तांबू येणार कळलं की माणसं झाडांवर चढून बसायची. त्याची शिंगं काचेनं घासून टोकदार मीच करायचो. आज लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

तिसऱ्या झुंजीत समोर थोराड बैल होता. तांबूच्या मानेतून रक्त उडालं आणि माझा धीर सुटला. मी ओरडलो, "हो तांबू, हो!" औत थांबवताना आम्ही हीच हाळी देतो. एवढ्या गोंगाटात त्यानं ती ऐकली. जागच्या जागी थांबला, मान वळवून माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात दुसऱ्याचं शिंग त्याच्या पोटात घुसलं. आतडी बाहेर आली. लोक शिट्ट्या मारत होते.

तांबू तिथंच मेला. घरी जाऊन सगळं खरं सांगितलं. अप्पांनी मला आसुडानं फोडून काढलं. दमल्यावर विचारलं, "तू हाळी दिलीस आन् त्यो थांबला?"

"व्हय."

"तुझं ऐकलं म्हन की त्यानं."

आसूड टाकून ते गोठ्यात गेले. अप्पांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आता मडगावात माझी रिक्षा आहे, बायको आहे, कोंकणीत भांडणारी मुलगी आहे. सणाला गावी जातो. अप्पा बोलतात, आईला आधी मला वाढायला लावतात. पण चिखलणीच्या दिवसांत औत धाकटा भाऊ धरतो आणि मी बांधावर बसतो. गेल्या पावसाळ्यात तो तापानं पडला, तर अप्पांनी या वयात स्वतः औत धरलं. मला बोलावलं नाही, आणि मीही उठलो नाही. गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचं तुम्हाला ठाऊक. माझं घर बांधापर्यंतच आहे.