दुष्काळात उतरवलेलं वजन

माझी चोरचोळी होऊन महिना उलटला होता, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की माझ्या पोटात मूल नाही. कधी नव्हतंच.

मी तपासायच्या टेबलावर उताणी पडले होते. अंगावर नवं हिरवं लुगडं, हातात डझनभर हिरव्या बांगड्या. सासूबाई दाराशी बाकावर बसल्या होत्या. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणायची रीत आहे. त्यांच्या मांडीवर डॉक्टरीणबाईंना द्यायला आणलेला लाडवांचा डबा होता. त्यांना आत बोलावून डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आवं, पण प्वाट तर दिसतंय की!"

"पोट दिसतंय ते चरबीनं. सहावा महिना असता तर मला हाताला लागलं असतं. काही नाही तिथं."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं, कारण एक गोष्ट मला माहीत होती आणि मी ती घरात कुणाला सांगितली नव्हती.

मी साताऱ्याची. वडील फौजेतून निवृत्त झालेले. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मला फौजेतल्याच मुलाला दिलं. सासर तासगावच्या पूर्वेला, जतच्या बाजूला. उघडं माळरान, पावसाच्या भरवशावरची ज्वारी, आणि मेंढरं. मला पाळी तेराव्या वर्षी आली, पण नंतर वर्षातून तीनदा, फार तर चारदा. आई म्हणायची, "बरंच आहे की, तेवढाच त्रास कमी." लग्नाआधी हे कुणी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गोष्ट आहे असं वाटलंच नाही.

एकाहत्तरची लढाई संपल्यावर नवरा दोन महिन्यांच्या रजेवर आला आणि चैत्रात परत गेला. वैशाखात माझी पाळी आली नाही. आत्याबाईंचं लक्ष होतंच. त्या इतक्या हरखल्या की मला बोलायला तोंड राहिलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, या वेळी खरंच असेल. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, वाटीभर दूध. माझं अंग भरत गेलं आणि बायका म्हणायला लागल्या, पोरगाच हाय. पाचव्या महिन्यात गुपचूप चोरचोळी झाली, आणि गुपचूप म्हणजे सगळ्या गावाला कळेल अशी.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंना बाहेर पाठवलं आणि मला खुर्चीवर बसवलं. माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. तिथले केस मी रोज पहाटे चिमट्यानं उपटायची. आरशाचा एक तुकडा आणि चिमटा ट्रंकेच्या तळाशी लपवलेला असायचा. नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

"हे कधीपासून?"

मला रडू फुटलं. मूल नाही हे ऐकून आलं नव्हतं, ते यावर आलं.

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बाईच्या पोटात दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. दर महिन्याला त्यातलं एक बीज पिकून बाहेर पडायला हवं. तुझ्यात ती पिकत नाहीत, अर्धवट वाढून आतच राहतात. तिथं पाण्याच्या बारीक बारीक पिशव्या तयार होतात. आजाराला इंग्रजी नाव होतं, दोन साहेबांची नावं जोडून केलेलं. ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. आता दहा मिनिटांत सोनोग्राफीत दिसतं. त्या वेळी त्या म्हणाल्या, "पोट उघडून बघितल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. पण सगळ्या खुणा त्याच आहेत. ऑपरेशन करता येतं. त्याआधी एक कर. वजन उतरव. सावकाश. सहा महिने मला दे."

काट्यावर मी शहात्तर किलो भरले.

परतीच्या एसटीत आत्याबाई खिडकीशी बसल्या. तासगावच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी लाडवांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "तुला म्हाईत हुतं का न्हाई?"

मी म्हटलं, "पाळी अशी चुकते हे माहीत होतं. बाळ नाही, हे माहीत नव्हतं."

"मग सांगायचं न्हाईस व्हय गं," त्या म्हणाल्या.

नवऱ्याला पत्र मीच लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'तब्येतीला जप. बाकी रजेवर आल्यावर बघू.' 'बाकी बघू' म्हणजे काय, यावर मी दिवसच्या दिवस काढले. पत्र चुलीपाशी वाचायची, गोठ्यात वाचायची. एका जागी बसवत नव्हतं. भांडी घासून झाली की पुन्हा घासायची. आत्याबाई म्हणायच्या, "भुईला पाय लावून बस की जरा."

त्या साली पाऊस झालाच नव्हता. बाहत्तर साल. दिवाळीपर्यंत गावातल्या विहिरी तळाला गेल्या. शेजारपाजारची माणसं खडी फोडायला जात होती, आणि रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळत होती. तिची भाकरी थापताना तुटायची. फौजेची मनिऑर्डर येत असल्यानं आमच्या घरी दोन वेळचं होतं. सगळा मुलूख वाळत चालला होता आणि मी एकटी गुबगुबीत. पाणवठ्यावर बायका माझ्या दंडांकडे बघायच्या. मला अंगाची शरम वाटायला लागली. मूल नाही म्हणून होती त्याहून ही वेगळी आणि जास्त.

मग मी जेवण तोडलं. डॉक्टरीणबाईंचं 'सावकाश' मी कानाआड केलं. सकाळी चहा, दुपारी ताटात घेतलेली भाकरी पदराआड करून गाईला, संध्याकाळी दोन घास. कुणी विचारलं तर उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. बावीस दिवस मी असे काढले. हात कापायचे, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, पण कमरेला मापासाठी बांधलेली सुतळी दोन बोटं सैल झाली होती आणि मला तेवढंच दिसत होतं. तेविसाव्या दिवशी गोठ्यात शेण काढता काढता पडले. कपाळाला खोक पडली.

आत्याबाईंनी मला उठवलं, आणि गाईच्या पुढ्यातला भाकरीचा तुकडाही बघितला. हळद दाबता दाबता त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

"लोकं अन्नाला म्हाग झाल्यात, आन तू जनावराला घालतीस? मरायचं हाय का तुला?"

"मला बारीक व्हायचंय," मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढं आवाज चढवला. "तुम्हीच दुसरी सून बघताय ना?"

हे मी कुठून काढलं? आठवड्यापूर्वी त्यांची चुलत भावजय जतहून आली होती, बरोबर तिची मुलगी. मुलगी माझ्याहून बारीक, केस लांब. दोघी नणंद-भावजय अंगणात कानडी मिसळून हळू बोलत होत्या. मला तेवढं पुरलं होतं.

आत्याबाईंनी माझ्या कपाळावरचा हात काढला. मग म्हणाल्या, "बोलली हुती ती. खोटं कशाला सांगू." हळदीचा डबा मिटून, "फौजंत दुसरी बायकू चालत न्हाई. नोकरी जाती. मी तिला त्येच सांगितलं."

मला वाईट वाटलं की बरं, हे आजही सांगता येणार नाही. नोकरीसाठी नको म्हटलं, की माझ्यासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी मला पुन्हा मिरजेला नेलं. डॉक्टरीणबाईंनी खोक बघितली, वजन बघितलं. चार किलो उतरलं होतं. मला वाटलं शाबासकी मिळेल.

"हे वजन नाही, हे तुझं रक्त गेलंय," त्या म्हणाल्या. "उपाशी राहिलीस तर शरीर घाबरतं. पाळी येत असली तरी थांबेल. मग माझ्याकडे कशाला येतेस?" मग त्या आत्याबाईंकडे वळल्या. "तुम्ही लिहून घ्या."

"मला कुठं लिवाय येतंय?"

"मग ध्यानात ठेवा. तिन्ही वेळ जेवायचं. भाकरी, मोड आलेली कडधान्यं, ताक, मिळेल ती भाजी. साखर, गूळ, लाडू, तुपाचा शिरा बंद. चहा बिनसाखरेचा. आणि रोज घाम येईपर्यंत चालायचं. तासभर. एक दिवस नव्हे, रोज."

आत्याबाईंनी जेवणाचं मनावर घेतलं. दुष्काळात हुलगा मिळत होता. त्याला मोड आणून त्या उसळ करायच्या, हुलग्याच्या पिठाचं माडगं करायच्या. पातळ, गरम, लसणाचं. ते दोन वाट्या प्यालं की पोट भरायचं आणि हात कापायचे नाहीत. माझ्या ताटाशी त्या बसून राहायच्या. शेवटचा घास तोंडात जाईपर्यंत उठायच्या नाहीत.

अडचण चालण्याची होती. आमच्या गावात बाई कामाशिवाय चालत नसे. पहिल्या दिवशी मी वेशीपर्यंत जाऊन आले, तर तिघांनी विचारलं, कुठं निघालीस. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या कानावर गेलं की सून माळावर फिरती, डोस्क्यावर परिणाम झालाय. मग मी माळवदावर, घराच्या सपाट छतावर, चालायला लागले. पंधरा पावलं जायची, पंधरा यायची. पिंजऱ्यातल्या जनावरासारखी. खालून सासरे खोकायचे आणि मी थांबायची.

माघात घरची विहीर आटली. टँकर दोन दिवसांआड यायचा. दीड मैलावर ओढ्याकाठी एक जुनी विहीर होती, तिला पाणी होतं. घरात पाण्याला बाई लावायचं चाललं होतं. मी म्हटलं, "मी जाते."

"तुला जमायचं न्हाई," सासरे म्हणाले.

आत्याबाईंनी फक्त घागर उचलून माझ्याकडे दिली.

हातात घागर आली आणि गावानं मला विचारणं बंद केलं. सकाळी दोन खेपा, उन्हं कलल्यावर एक. पहिले आठ दिवस मान धरली, पोटऱ्या दगड झाल्या, निम्मं पाणी अंगावर सांडलं. बायका हसल्या. पुढं त्यांच्यातलीच एक झाले. रिकामी घागर घेऊन जाताना मी इतकी झपाझप चालायची की त्या म्हणायच्या, "आगं, हिर काय पळून चालली न्हाई." त्यांना काय सांगणार? त्यांना ती पायपीट नशिबानं दिली होती. मी मात्र ती औषधासारखी मोजून घेत होते. खांद्यावर पोर आणि डोईवर पाणी घेऊन चालणारी हाडकुळी बाई शेजारून गेली की मला आपलाच राग यायचा. तरी दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांआधी निघायची.

फाल्गुनात, तिसऱ्या खेपेला, परतीच्या वाटेवर ओटीपोटात कळ आली. ओळखीची, पण किती दिवसांनी! घागर तशीच डोक्यावर घेऊन मी घरी आले आणि अंगणातूनच म्हटलं, "आत्याबाई, घागर उतरून घ्या. मी बाहेरची झाले."

त्या भाकरी टाकून पिठाच्या हातानं बाहेर आल्या. घागर उतरवली. विटाळ पाळणारी बाई, पण त्या दिवशी त्यांना शिवाशिव आठवली नाही. माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "किती म्हैन्यांनी?"

"अकरा."

पुढची बेचाळीस दिवसांनी आली. त्याच्या पुढची अडतीस. मी दाराच्या मागं कोळशानं रेघा ओढत होते, आणि पुसायला गेले तर आत्याबाई म्हणाल्या, असू दे.

नवरा मे महिन्यात आला. मी सदुसष्ट किलोंवर आले होते. पहिले चार दिवस त्यानं तो विषय काढला नाही. मग एका दुपारी मीच विचारलं, "पत्रात 'बाकी बघू' लिहिलं होतं, ते काय?"

त्याला आठवेना. डोकं खाजवून म्हणाला, "अगं, कागद संपला होता. अंतर्देशीय पत्रावर जागा किती असते?"

मी त्या दोन शब्दांवर आठ महिने जळले होते. त्याला चिमटा आणि आरशाचा तुकडा दाखवला, त्याच दुपारी. त्यानं चिमटा हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "दुखत असेल की." तो परत गेल्यावर मूल राहिलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात विहिरी भरल्या. गाव आनंदलं आणि मला धास्ती पडली. घरच्या विहिरीला पाणी आलं म्हणजे माझी वाट बंद. दोन महिन्यांत तीन किलो परत चढलं आणि पाळी पुन्हा हुकली. मी पुन्हा भांडी दोनदोनदा घासायला लागले.

एका सकाळी मी चपला घातल्या आणि नुसतीच निघाले. पाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी हटकलं, "काय गं, कुठं?" तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज आला. त्या दारात उभ्या होत्या. "चालाय निघालीया! दाक्तरणीनं सांगितलंय. तुमाला काय करायचंय?" पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मुलगी झाली ती सत्याहत्तरमध्ये, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्यावर. आजार गेला नाही. वजन आजवर कितीदा चढलं, कितीदा उतरवलं, त्याचा हिशेब ठेवला नाही. दोन दिवस घरात बसले की अजून पायात काहीतरी वळवळायला लागतं, आणि घरातली माणसं काही न विचारता दार उघडून देतात.