चार नंबरचं नवं नाव

क्लबात कोण येणार, कोण जाणार, हे पेपरवाल्यांच्या आधी मला कळतं. शारजातल्या एका फुटबॉल क्लबात मी खेळाडूंचे कपडे सांभाळतो. धुणं, वाळवणं, शर्टावर नाव-नंबर छापणं, सगळं माझ्याकडं. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. जानेवारीत नवा आला की जुन्यातला एक खलास.

चार नंबर म्हणजे आमचा बॅक. उरुग्वेचा, पस्तिशी ओलांडलेला, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. मी कोल्हापूरचा, पेठेतल्या तालमीकडून बॅकलाच खेळलेलो. हा गडी नुसता उभा कुठं राहतो, ते बघण्यातच मला मजा यायची. प्रॅक्टिस संपली की बाकीचे गाड्या काढून पळायचे आणि हा माझ्या मशिनच्या घरघरीत स्टूल ओढून बसायचा. दोघांचंही इंग्रजी मोडकं, पण गप्पा अडायच्या नाहीत. त्याला इथं बोलायला कुणी नव्हतं, आणि मला तरी कोण होतं? खोलीवर आम्ही सहाजण, पण सहाही जण कानाला मोबाईल लावून आपापल्या गावात.

त्या सोमवारी तो समोर बसला असतानाच मॅनेजरचा मेसेज आला. शर्ट छापायचा, चार नंबर, वर नवं नाव, कुणाजवळ बोलायचं नाही. आणि हा मला सांगत होता की दोन वर्षं एकट्यानं काढली, आता बायको आणि मुलगी कायमच्या येतायत. तिकडचं घर सोडलं, मुलीचं शाळेतून नाव काढलं, बुधवारचं विमान. मी मोबाईल पालथा ठेवला. सांगितलं असतं तर माझी नोकरी गेलीच असती. इन्शाल्ला, सगळं चांगलं होईल, असं म्हणालो मी. जीभ कशी झडली नाही माझी!

मंगळवारीही तो आला, बसला, मुलीचे फोटो दाखवून गेला. मी फोटो बघितले आणि मशिनमध्ये पुढचे कपडे टाकले.

शुक्रवारी त्याला ऑफिसात बोलावलं. तिथून तो सरळ माझ्याकडं आला. टेबलावर नवा शर्ट होता, छपाई अजून गरम. त्यानं नाव वाचलं.

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण तो बोटांवर दिवस मोजत राहिला.

"सोमवारी त्या अजून तिकडंच होत्या," तो म्हणाला, आणि बूट भरायला माझ्याकडं पिशवी मागितली.