सोवळ्यातला द्राक्षरस

पन्नासच्या दशकात कानडी मुलखातल्या आमच्या चामराजपेटेतल्या घरात अण्णांच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे. अण्णा म्हणजे माझे थोरले काका. वडील गेल्यापासून आईला आणि मला त्यांनीच सांभाळलं होतं. दर शनिवारी संध्याकाळी मराठी मंडळींच्या देवळात ते पुराण सांगत. माझ्या शिक्षणाचा निकालही त्यांनी तसाच आसनावरून सांगितल्यासारखा सांगून टाकला: इंटर झाली, पुरे झालं. तंजावरकडचं एक स्थळ आलं होतं. मला बी.एस्सी.ला रसायन घ्यायचं होतं. कॉलेजचा अर्ज आईनं तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला होता आणि तो अण्णांच्या सहीनिशी भरायला पंधरा दिवस उरले होते.

त्या शनिवारी पुराणात एका राजाची मेजवानी आली; त्यात राजा द्राक्षाचं पेय पिऊन आसनावरून पडतो. अण्णा म्हणाले, पूर्वीचे लोक द्राक्षाचं पेय पीत, पण तो नुसता गोड रस असे. नशा ही मागाहून आलेली घाण. मी घरापर्यंत कशीबशी गप्प राहिले.

"अण्णा, नुसता रस पिऊन तुमचा राजा आसनावरून पडला कसा?"

"काय गे, चार बुकं वाचून मला शिकवतेस?"

"द्राक्षाच्या सालीवरच ते जंतू असतात. रस काढून ठेवला की आपोआप दारू होते. रस तसाच ठेवायला राजाकडे बर्फाची पेटी होती का?"

अण्णांच्या मते दारू होते ती गुत्तेवाल्याच्या ओवळ्या हातानं. सोवळ्यात काढलेल्या रसाची बिघडायची छाती नाही. "मीच करून दाखवतो," ते म्हणाले. "बिघडला तर तू म्हणशील ते. नाही बिघडला तर तंजावर."

"सरी, ठरलं," मी म्हटलं. पण हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी आंघोळ करून सोवळ्याचा मुकटा नेसला. विहिरीचं पाणी स्वतः शेंदलं, आनेकलकडून आलेली निळी द्राक्षं धुतली, स्वतःच्या हातांनी कुस्करली, नव्या मडक्यात भरली, वर धूतवस्त्र बांधलं आणि मडकं देवघरात ठेवलं. कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिली.

दोन दिवस काहीच झालं नाही. मी दारातून वास घ्यायची. कापूर आणि चंदन. आईनं माझ्यासाठी साड्या बाहेर काढायला सुरुवात केली, तेव्हा मला तिचाही राग आला. तिसऱ्या सकाळी मडक्यातून बारीक पुटपुट ऐकू आली.

"ऐक," अण्णा कौतुकानं म्हणाले. "देवाजवळ बसून रससुद्धा जप करतोय."

मी तोंड फिरवून हसले. त्यानंतर मला झोप छान लागली.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी पूजा झाल्यावर अण्णांनी रस गाळला आणि उपाशीपोटी पंचपात्रभर प्याले. "स्वल्प आंबटलाय, पण रसच आहे." पुराव्यासाठी दुसरं पंचपात्र घेतलं. तिसरं बहुधा आवडलं म्हणून. मग त्यांचे कान लाल झाले. पानावर बसल्यावर त्यांनी आईच्या चिंचेच्या सारूची अशी काही स्तुती केली की बारा वर्षांत त्यांच्याकडून चांगला शब्द न ऐकलेली आई पळी हातात धरून उभीच राहिली. मग मला म्हणाले, "शीक गे! बी.एस्सी. कर! विलायतेला जा!"

आई धावत अर्ज आणि टाक घेऊन आली. मी टाक काढून घेतला.

"आत्ता नको. शुद्धीवर आल्यावर."

"कपाळकरंटी!" आई कुजबुजली. तिचं चुकत नव्हतं. अर्ज सोमवारी द्यायचा होता. पण दारूनं दिलेली परवानगी मला नको होती. मला अण्णांना जिंकायचं होतं.

शनिवारी सकाळी अण्णांनी उपास धरला, मडकं परसात नेऊन रिकामं केलं. अर्जाचं नाव नाही. हातचं घालवलं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

संध्याकाळी देवळात ते आसनावर बसले आणि पोथी न उघडताच बोलू लागले.

"मागे मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पूर्वीचे लोक पीत ती दारूच. माझ्या देवघरात, माझ्या हातानं, सोवळ्यात झाली. मी प्यालो आणि मला चढली."

देवळात हास्याचा कल्लोळ उसळला. अण्णांनी तो संपेपर्यंत वाट पाहिली. त्यांचा चेहरा पडलेला नव्हता.

"आमच्या मुलीनं हे आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. ती आता रसायन शिकणार आहे. यापुढे असली शंका आली तर मला नको, तिला विचारा."

बायकांच्या रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला रडू येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं. पुढे मी परीक्षा जिंकल्या, नोकरी जिंकली, पण इतका आनंद पुन्हा कशानं झाला नाही. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली आई उठली. चार माणसांत कधी मान वर न करणारी ती बाई पुरुषांच्या रांगेमधून चालत थेट आसनापाशी गेली आणि पदराखालून अर्ज काढून अण्णांपुढे धरला. अण्णांनी पोथी बाजूला सारली आणि पोथीच्याच चौरंगावर अर्ज ठेवून सही केली.