वहीच्या पानावरची सरांची सही

केळुसकर सरांना मी प्रथम भेटले ती पीएच.डी.च्या प्रवेशाच्या मुलाखतीत. वडील फौजेत, मी जयपुरात वाढलेली; माझं मराठी दर वाक्याला ‘मतलब’वर अडखळायचं. सरांनी सगळी मुलाखत मराठीतच घेतली आणि शेवटी म्हणाले, संशोधन येईलच, मराठीचं मात्र बघावं लागेल.

सरांचा ध्यास एकच. खूप रक्त गेलेला रोगी सावरताना मूत्रपिंडांकडे रक्त पुन्हा कसं वाहू लागतं, आणि हिस्टामिन त्यात मदत करतं का? खाज आणणारं म्हणून बदनाम झालेल्या या द्रव्याची सरांनी आयुष्यभर वकिली केली. दर शनिवारी ते आमच्या प्रयोगवह्या तपासत आणि पानोपान सही करत.

माझे उंदरांवरचे निष्कर्ष फारच देखणे आले. शोधनिबंध स्वीकारला गेला. सरांचा निवृत्तीआधीचा तो शेवटचा निबंध, आणि माझी पीएच.डी. त्यावरच उभी. मग एकदा पहिल्या वर्षाच्या मुलांना मॉर्फिनने खाज का सुटते हे शिकवताना मी फळ्यापाशीच थिजले. नेहमीचं वेदनाशामक संपलं तेव्हा हिस्टामिन दिलेल्या गटातल्या उंदरांना मी मॉर्फिन दिलं होतं, आणि मॉर्फिन शरीरातलं हिस्टामिन स्वतःच मोकळं करतं. रक्तप्रवाह नेमका कशामुळे सुधारला, हे आता सांगताच येत नव्हतं.

वही घेऊन मी वैशाली नगरातल्या सरांच्या घरी गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं. काकूंना पान वाढायला सांगून त्यांनी मला आधी जेवू घातलं, मग वही मागितली. मॉर्फिनची नोंद मी केलेली होती. खाली त्यांची सही होती.

“तू लिहिलं होतंस, मी वाचलं नाही,” ते म्हणाले. “चूक माझी.”

निबंध मागे घेण्याच्या पत्रातही त्यांनी तेच लिहिलं. दोष माझ्याकडे येऊ दिला नाही. निवृत्तीनंतर वर्षभर ते सिटी बसने प्रयोगशाळेत येत राहिले आणि आम्ही सगळे प्रयोग पुन्हा केले. रक्तप्रवाह सुधारला, पण पहिल्याइतका नाही. त्या बुटक्या आलेखावर सर बेहद्द खूश होते.

आज मीही विद्यार्थ्यांच्या वह्या तपासते, आणि मुलं आपल्या चुका माझ्यापासून लपवतात, हे मला कळतं. सरांसारखा धीर देणं मला अजून जमलेलं नाही. सरांनी पंचाहत्तरी गाठली, आता मूत्रपिंडांसकट ठणठणीत राहून शंभरीही गाठावी. या प्रार्थनेत माझा स्वार्थ आहे. ‘सर, माझं चुकलं’ असं न भिता म्हणता येईल, असं माझ्यासाठी जगात ते एकच घर आहे.