भरलेली बाटली

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही. कारखान्यातली भांडणं, त्याच्या बहिणीबद्दलचं माझं खरं मत, सगळं त्याला जेवता जेवता कळतं. हे मात्र नाही. दोन-तीनदा सांगायला बसले — आणि तोंडातून निघालं काय, तर उद्या डब्याला कोणती भाजी करू. तुमचं बरं आहे. तुम्ही समोर नाही. तुमचा चेहरा कसा होतोय, ते मला बघावं लागणार नाही.

कुठून सुरू करू? सुजातापासूनच करते.

चाकणच्या एका कारखान्यात आम्ही दोघी क्वालिटीला आहोत. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे, खोट सापडली की लाल खूण करून बाजूला टाकायचे. दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि फुशारकी म्हणून नाही सांगत, पण माझ्या नजरेतून सहसा काही सुटत नाही. सुजाताचं टेबल माझ्या शेजारी. ती पिंपरीची, मी रावेतची. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा माझ्या शिफ्ट तिने केल्या, स्वतःच्या करून वर माझ्या. त्याबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. तुझी जवळची मैत्रीण कोण, असं कोणी विचारलं असतं तर मी तिचंच नाव घेतलं असतं. आजही घेईन. तिला ते चालेल की नाही, हे मला आता माहीत नाही.

ट्रेकचं वेड तिचं. मी तिच्या नादाने जायला लागले. कंपनीतल्या हौशी लोकांचा एक ग्रुप आहे, मेंटेनन्समधला केदार सगळं जमवतो. त्या वेळी त्याने ठरवलं होतं भीमेचं वरचं खोरं. गावात गाड्या लावायच्या, नदीच्या काठाकाठाने जंगलातून वर चढत जायचं. अगदी आत एक झोपडी आहे, गावातल्या एक मावशी ती सांभाळतात. तिथे मुक्काम आणि सकाळी परत.

मार्चअखेर होती. मार्चअखेर कोणी त्या बाजूला जातं का? पण वर्षअखेरीच्या कामाने सगळे पिचले होते, आणि केदार म्हणाला, "जंगल आहे राव, सावलीच सावली." सावली होती, खोटं नाही. जांभूळ, हिरडा, अंजन, डोक्यावर नुसतं छप्पर. पण वारा म्हणून नाही. नदी तर नावालाच. धार आटलेली, मध्ये मध्ये खडकांत साचलेले डोह, त्यांत पानं कुजलेली. कपडे अंगाला चिकटले होते. एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर गेलं तेव्हा सगळे ओरडले, मी वर बघितलंसुद्धा नाही.

आणि खाली बघत चालूनही मी घसरले. गुळगुळीत खडक होता. गुडघा चांगलाच सोलला, माती आणि रक्त एक झालं. बाकीचे पुढे गेले होते. केदारने वरून ओरडून विचारलं, मी म्हटलं काही नाही, येतो आम्ही सावकाश. सुजाता खाली बसली. तिने तिच्या बाटलीतलं पाणी माझ्या गुडघ्यावर ओतलं, थोडं थोडं, सगळं. नखाने खडे काढले. मी बोंबलत होते आणि ती लहान मुलाला समजवावं तसं मला समजवत होती. मग तिने तिचा रुमाल बांधला आणि रिकामी बाटली सॅकला अडकवली.

हे मुद्दाम सांगते आहे. तिचं पाणी कुठे गेलं, ते तुम्हाला कळावं म्हणून.

पुढे चढ लागला. वाट नदी सोडून वर जाते. माझ्यामुळे आम्ही गोगलगाईसारख्या चाललो होतो. बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि सुजाता गप्प आहे म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं मला कळत होतं. मग ती एका जांभळाच्या खोडाला धरून उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. म्हणाली,

"पाणी आहे का गं थोडं?"

मी म्हटलं, "नाही गं. माझं पण संपलं."

— संपलं नव्हतं.

बाटली माझ्या सॅकमध्ये होती. गार राहावी म्हणून ओल्या ओढणीत गुंडाळलेली. गळ्यापर्यंत भरलेली. मी तिला हातसुद्धा लावला नव्हता तोवर.

तुम्ही म्हणाल, का? मीही तेच म्हटलं. त्याच क्षणी म्हटलं. शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मीच दचकले, जणू मागून दुसरंच कोणी बोललं. मला पाणी पुरवून वापरायचं नव्हतं, माझं तिच्याशी काही वाजलं नव्हतं, मी विचारच केला नव्हता. विचाराच्या आधी जीभ बोलून मोकळी झाली होती.

मग मी कारणं शोधायला लागले. माझी बाटली नळीची होती, तोंड लावूनच प्यावं लागतं. उष्टं. आपण सगळेच त्या मास्कच्या वर्षांपासून दुसऱ्याच्या बाटलीला कचरतो की नाही? कचरतो. काय चुकलं? झाकण फिरवून तिच्या ओंजळीत वरून ओतता आलं असतं, हेही मनात आलं. आणि ते मनात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कोणाच्या ओंजळीत कोण वरून पाणी ओतायचं, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. मी त्यावर निबंध लिहिलाय. बक्षीस मिळालं होतं.

आता सांगून टाकते. सुजाता बौद्ध आहे. आणि मी — आमच्या घरात जातपात मानत नाहीत, हे मी उभ्या जन्मात किती जणांना ऐकवलं असेल! ग्रुपवर कोणी जातीवरून फालतू काही टाकलं की पहिला दणका माझा असायचा. दुसऱ्याचं बघायचं वाकून आणि आपलं ठेवायचं झाकून.

अजूनही उष्ट्याचं कारण धरून बसता आलं असतं. पण त्याच सकाळी, पहिल्या थांब्यावर, केदारने त्याची बाटली तोंडाला लावून पाणी प्यायलं आणि माझ्यापुढे केली. मी ती घेतली. पुसलीसुद्धा नाही. ओठ लावून घटाघटा प्यायले आणि म्हटलं, "आहा, काय गार आहे रे!"

म्हणून तर माझी बाटली भरलेली राहिली होती.

सुजाता वाट सोडून खाली उतरायला लागली. खाली एक डोह दिसत होता, हिरवट, कडेला शेवाळ. मी वरून म्हटलं, "अगं, नको पिऊस ते." अगदी काळजीने म्हटलं हं. आजही तो माझा आवाज मला ऐकू आला की कानात बोटं घालावीशी वाटतात. ती उकिडवी बसली, वरची पानं हाताने बाजूला केली आणि ओंजळीने प्यायली. पुन्हा पुन्हा प्यायली. मी खांद्यावर ते भरलेलं पाणी घेऊन उभी होते. तेव्हा तरी मला सांगता आलं असतं, नाही का? अगं थांब, सॅकमध्ये दुसरी बाटली सापडली. एवढं सोपं खोटं. तेही मी बोलले नाही, कारण पहिलं खोटं उघडं पडलं असतं.

झोपडीवर पोचलो तेव्हा बाकीचे अंगणात पसरले होते. अंगणभर हिरडा वाळत घातलेला. मावशींनी हंड्यातून पाणी दिलं, आणि मग सगळ्यांच्या बाटल्या गोळा करायला लागल्या, झऱ्यावरून भरून आणते म्हणाल्या. मी गुडघ्याचा रुमाल सोडत होते. माझी सॅक माझ्या पाठीमागे होती. मावशींनी ती उघडली, ओढणी सोडली आणि बाटली उचलून हलवली.

"ही तं गच्च भरलेली हाय की, बाई! वाटंत प्याल्या न्हाई व्हय?"

सुजाता माझ्यासमोर पायरीवर बसली होती. मी मान वर केली नाही. तिच्या पायांकडे बघत राहिले, बुटांच्या नाड्यांकडे. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल. म्हणावं, असं मनापासून वाटलं. चारचौघांत माझी शोभा करावी. केदारने ऐकावं, सगळ्यांनी ऐकावं.

ती म्हणाली, "असू द्या मावशी. उतरताना लागेल तिला."

एवढंच. आणि उठून पिठलं ढवळायला चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी उतरताना ती पुढे चालत होती आणि मी तिच्या पाठीकडे बघत एकच गोष्ट आठवत होते. तिच्या डब्यातलं मी कधी खाल्लंय? तिच्या आईच्या हातचं भरलं वांगं आमच्या अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये गाजलेलं. सगळे तुटून पडतात. मी? सोमवारी माझा उपवास. मंगळवारी पित्त. एरवी 'आज पोटाला तडस लागलीय गं'. मी तिला माझ्यातलं द्यायचे, हौसेने द्यायचे. पण तेही चमच्याने, तिच्या डब्याच्या झाकणात, वरून. इतकी वर्षं. आणि हे मला त्या उतारावर पहिल्यांदा दिसलं. मी क्वालिटीतली! मला धड चालता येईना. पाय गुडघ्यामुळे लटपटताहेत, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पुढचं लवकर सांगते, कारण ते सांगायला जीभ रेटत नाही. महिन्याभराने तिला कावीळ झाली. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं पाणी प्यायलात का? त्या डोहामुळेच झाली, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. मी त्या वाक्याला बरेच दिवस घट्ट धरून बसले होते. पण ग्रुपवर तिच्या आजाराची बातमी आली, लोक विचारायला लागले, तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? मी लिहिलं — 'सगळ्यांनी लक्षात ठेवा, ट्रेकला नदीचं पाणी पिऊ नका. मी सुजाताला तेव्हाच सांगत होते.' केदारने अंगठा टाकला. मग बाकीच्यांनीही अंगठे टाकले. सुजाताने ते वाचल्याचं मला दिसलं.

एखाद्या माणसाला इतकं खालच्या थराला जाता येतं, हे मला माहीत होतं. पेपरात वाचलं होतं. ते माणूस आपल्याच आरशात उभं असतं, हे माहीत नव्हतं.

मग मी तिला बघायला गेले. ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. रणरणतं ऊन होतं, आणि स्टॉपपासून त्यांचं घर बरंच आत आहे. इतक्या वर्षांत मी तिच्या घरी पहिल्यांदाच जात होते, हेही मला तेव्हाच, चालता चालता कळलं.

सुजाता पलंगावर पडून होती. डोळे पिवळे, गाल बसलेले. मला बघून हसली. खरंच हसली. म्हणाली, "अगं, कशाला आलीस एवढ्या उन्हात?" समोरच्या कपाटावर बुद्धांची लहानशी मूर्ती होती आणि शेजारी आमच्या ग्रुपचा एक फोटो, त्यात मी तिच्या गळ्यात हात टाकून उभी.

तिची आई आतून पाणी घेऊन आली. स्टीलचा पेला, बाहेरून थेंब साचलेले.

"घे बाळा. उन्हाची आलीस."

मी म्हटलं, "नको काकू. आत्ताच पिऊन आले."

पुन्हा तेच झालं. डोहाकाठचं सगळं होऊन, त्या उतारावर सगळं कळून, कबूल करायला म्हणून त्या दारात येऊन — जीभ पुन्हा माझ्या आधी बोलून गेली. घरात कावीळ होती, म्हणून नको म्हटलं, असं मला म्हणता येईल. तुम्हाला ते पटेलही. पण बोलताना मला कावीळ आठवलीसुद्धा नव्हती.

काकू पेला तसाच धरून उभ्या राहिल्या. सुजाताने मान भिंतीकडे वळवली.

"राहू दे आई," ती म्हणाली. "ती नाही पीत आपल्याकडचं."

आवाजात राग नव्हता. पाहुणीला साखर चालत नाही, हे आईला सांगावं, तसं तिने सांगितलं. म्हणजे तिला कधीपासून ठाऊक होतं? त्या झोपडीपासून? की सोमवारच्या पहिल्या उपवासापासून? काकूंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पेला घेऊन आत गेल्या. मी पाठ केलेलं एकही वाक्य बोलले नाही. आराम कर, तेलकट खाऊ नकोस, असलं काहीबाही बोलले आणि उठले.

मी पाणी पिऊन आले नव्हते. स्टॉपपासून चालत आले होते, आणि मला तहान लागली होती.