पहिल्या बार्जची हापूस पेटी

माणसाचा खून करावासा मला आयुष्यात एकदाच वाटला, आणि तोही लोणच्यावरून.

ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तर टोकाला, समुद्राकाठच्या एका वस्तीत मी शाळेचे कॉम्प्युटर सांभाळत होतो. वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत असताना कुणी हे भाकीत केलं असतं तर मी हसलो असतो. पण पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायला मिळावं म्हणून, माणूस चंद्रावरही वायफाय लावून येईल. इथला पावसाळा, म्हणजे वेट, सुरू झाला की रस्ता पाण्याखाली जायचा आणि सामान आणणारी सपाट बोट, म्हणजे बार्जही बंद व्हायची. पाऊस असा, की मगरी अंग कोरडं करायला आमच्या व्हरांड्यात यायच्या. एक छोटं विमान औषधं, टपाल आणि मेलेला कोबी टाकून जायचं. अशा दिवसांत मला आधार होता तो दूर दक्षिणेला क्वेकर्स हिलमध्ये राहणाऱ्या आत्याने दिलेल्या कैरीच्या लोणच्याच्या बरणीचा.

वस्तीत दुसरा मराठी माणूस एकच. माझा हाउसमेट, जनरेटर बघणारा इंजिनियर. शिक्षण पुण्याचं, मूळ रत्नागिरीचं. हा गृहस्थ माझ्या नकळत रोज लोणच्याच्या फोडी खायचा आणि बरणीत तेवढंच तेल ओतायचा. वरून बघावं तर बरणी काठोकाठ! एके दिवशी चमचा तळापर्यंत घातला, तर वर आली नुसती मोहरीची डाळ.

"फोडी कुठे गेल्या रे?"

"दमट हवेत विरघळतात," तो म्हणाला. "सायन्स आहे, मेट."

बोलून राग वाया जातो. मी तो मुरत ठेवला.

संधी त्यानेच दिली. आत्याच्या घराजवळच्या टूनगॅबीतल्या भारतीय दुकानातून त्याने हापूसची पेटी मागवली. वेटनंतरच्या पहिल्या बार्जच्या थंड कंटेनरमधून ती यायची होती. "तुला साली देईन हां चाटायला," असं वर मला म्हणाला.

झालं! बार्ज येईपर्यंत मी शाळेत, दुकानात, फुटबॉलच्या मैदानावर, भेटेल त्याला एक प्राचीन मराठी प्रथा सांगत सुटलो. आमच्यात मोसमातली आंब्याची पहिली पेटी मालक स्वतः खात नाही, भर गावात फोडून वाटतो. खाल्ली तर त्याच्या सात पिढ्यांच्या दाढा पडतात. ही प्रथा मी आंघोळ करताना शोधली होती.

बार्ज आली त्या सकाळी अख्खी वस्ती किनाऱ्यावर. पिठाची पोती उतरली, टायर उतरले, फ्रीज उतरले. मग पेटी. हाउसमेट ती छातीशी धरून निघाला, तर पोरांनी त्याला घेरलं. शाळेच्या हेडबाईंनी गहिवरून त्याचा हात धरला.

"किती सुंदर पद्धत आहे तुमची! स्वतः नाही खायचं!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी अतिशय नम्रपणे त्याला चाकू दिला.

आता नाही म्हणायची सोय नव्हती. स्वतःचं बोट कापावं तसा तो एकेक हापूस कापत गेला. शेवटचा उरला तेव्हा मी हळूच पुढे सरकलो.

"आणि मालकाचा हाउसमेटही खात नाही!" तो गरजला. "त्याच्याही दाढा पडतात!"

कोकणातलं डोकं ते! माझीच प्रथा, मी खोटी कशी पाडणार? शेवटचा आंबा शाळेत स्वयंपाक करणाऱ्या आजींकडे गेला. वस्तीत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांच्या अंगणातल्या झाडाला तर नारळाएवढे आंबे धरतात. त्यांनी हापूस सावकाश खाल्ला, कोय चोखली. हाउसमेट श्वास रोखून उभा.

"गुड वन," आजी म्हणाल्या. "बट स्मॉल, ए?"

हापूसला! रत्नागिरीच्या माणसासमोर! "साइज नाही, अरोमा, अरोमा बघा!" तो किंचाळत होता आणि आजी त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवत होत्या.

माझी पण जीभ कोरडीच राहिली होती. म्हणून मी हेडबाईंच्या कानात प्रथेचा राहिलेला भाग सांगितला: कोयी मालकाने स्वतः वेचायच्या असतात. वाकून. एकेक.

बाईंनी तो मोठ्याने सगळ्यांना सांगितला. पोरांनी लांब लांब फेकलेल्या कोयींकडे त्याने एकदा पाहिलं, आणि वाकला.