बहिष्कारवाली कॅसेट

त्या बँडचं नाव मी इथे लिहिणार नाही. ‘सदर बँडचं नाव यापुढे कुठेही लिहू वा उच्चारू नये’ असा ठराव आम्ही शेणव्याच्या स्टँडवर केला होता आणि तो अजून कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सगळं जग ज्यांना ओळखत होतं असा एक परदेशी रॉक बँड, एवढं पुरे.

सगळं जग म्हणजे शहापूर आणि मुरबाड तालुके सोडून. आमच्या दोन तालुक्यांत मिळून त्यांचे तीन चाहते होते.

पहिला माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा. तो शहापूर ते मुरबाड काळी-पिवळी जीप चालवायचा. एकदा मुंबईची ट्रेकर मुलं त्याची जीप करून सिद्धगडाच्या पायथ्याला गेली आणि त्यांची एक कॅसेट त्याच्या डेकमध्ये राहून गेली. तिला कव्हर नाही, नाव नाही; बँडचं नाव पुढे कल्याणच्या कॅसेटवाल्याने ऐकून सांगितलं. परतीच्या वाटेवर दादाने डेक लावला तेव्हा त्याला वाटलं, इंजिनाचं मोठं काम निघालं. उतरून बॉनेट उघडलं, आत हात घालून पाहिलं. सगळं ठीक होतं. मग त्याच्या लक्षात आलं की हे गाणं आहे. त्या दिवसापासून त्या गाण्यांशिवाय त्याचा गिअर पडेना.

दुसरा मुरबाड तालुक्यातल्या सरळगावचा, माझ्याच वर्गातला. तो लग्नांमध्ये बेंजो वाजवायचा. आमच्याकडे बेंजो वाजल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. टाइपरायटरसारखी बटणं असलेली तारांची पेटी, तिला जोडलेला भोंगा, मागे ढोल-ताशा आणि पुढे नाचणारे पाहुणे. दादाच्या जीपमध्ये पहिल्यांदा ती कॅसेट ऐकून हा सरळगावला उतरायचं विसरला आणि मुरबाडपर्यंत जाऊन परत आला. “हा गिटारवाला आपल्यातलाच हाय रे,” तो म्हणाला, “फक्त ह्याला कुणी हळदीला बोलावला नाय.”

तिसरी मी. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. बाबा संघटनेचे कार्यकर्ते, पडवीत सायक्लोस्टाइलचं यंत्र, भिंतींना शाईचे ठसे. मी अक्षरं ‘जाहीर निषेध’वरून शिकले. उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू ही माझी वही. शाळेत भाकरी पत्रकात बांधून जायची, त्यामुळे वनजमिनीच्या मागण्या मला चटणीच्या डागांसकट पाठ होत्या. लहानपणी आईने कारल्याची भाजी फार वेळा केली म्हणून मी तिच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. आईने ते पसरून त्यावर कारलीच चिरली. बाबांनी मात्र ते गंभीरपणे वाचलं आणि म्हणाले, “निषेध छान आहे. पण मागणी कुठे आहे? मागणी नसेल तर पत्रक म्हणजे नुसती कुरकुर.”

आम्हा तिघांचं चाहता मंडळ होतं, अध्यक्ष मी. मंडळात इंग्रजी येणारी मी एकटीच, म्हणजे शब्दकोश असलेली मी एकटीच. गाण्यांचे शब्द मी ऐकून ऐकून उतरवायचे, मग मराठी करायचे. माझ्या हातात कुठलंही गाणं आलं की त्याचा मोर्चा व्हायचा. एका गाण्यात कुणीतरी कुणाला सोडून गेलं होतं आणि घर रिकामं पडलं होतं. मी ते विस्थापितांच्या प्रश्नावरचं आहे असं जाहीर केलं. बेंजोवाल्याने शंका काढली, “पण हा ‘बेबी, बेबी’ कोनाला म्हणतो?”

“पुढच्या पिढीला,” मी म्हटलं. विषय संपला.

अशात कल्याणच्या कॅसेटवाल्याने दादाला सांगितलं की बँडची नवी कॅसेट शिमग्याच्या सुमारास येतेय. आमचा जीव टांगणीला लागला. दादाने डेकचं हेड कापसाने पुसून घेतलं आणि त्यात हिंदी गाणी लावायची बंद केली. म्हणे घाण बसते. बेंजोवाल्याने नव्या तारा आणून ठेवल्या, पण चढवेना. मी शब्दकोशाला नवं कव्हर घातलं आणि गाणी ऐकायच्या आधीच त्यांच्या स्वागताचं पत्रक लिहून काढलं. जगभरातल्या श्रमिकांचा आवाज वगैरे. रोज दुपारी कॉलेज सुटलं की मी जीपपाशी जाऊन विचारायची, “आली?” दादा डोक्याला हात लावायचा. “अगं, ती काय एसटी हाय का? येईल तवा येईल.” आणि दुसऱ्या दिवशी तोच मला शोधत कॉलेजच्या फाटकापाशी यायचा. “कल्याणला जाऊन आलो. नाय आली गो अजून.”

मग एका दुपारी मी किन्हवलीच्या टपरीवर पाणी मागितलं.

त्या वर्षी विहिरी लवकर तळाला गेल्या होत्या. वरच्या पाड्यांवर बायका ओढ्यात झरे खणत होत्या. तानसा धरणाचं पाणी मात्र आमच्या तालुक्यातून मोठ्या थोरल्या नळांतून मुंबईला चाललं होतं, नेहमीप्रमाणे. टपरीवाल्याने माठ तिरपा करून दाखवला. “पानी नाय. बाटली हाय.” आणि त्याने कोल्ड्रिंकची बाटली पुढे केली. त्याच्या मागे नवंकोरं पोस्टर होतं. पोस्टरवर बँडच्या नावाखाली माझे चारही श्रमिक उभे होते. प्रत्येकाच्या हातात तीच बाटली. खाली लिहिलं होतं, झाकणं जमवा, नव्या कॅसेटवर सूट मिळवा.

मी तहानलेलीच घरी आले आणि मंडळाची तातडीची बैठक बोलावली.

बैठक शेणव्याच्या स्टँडवर, जीपच्या सावलीत झाली. मी म्हटलं, “या कॅसेटवर बहिष्कार.”

“अजून आली पन नाय,” दादा म्हणाला.

“म्हणूनच. आल्यावर जमणार नाही.”

“अगं पण त्यांनी कुठं तुझं पानी प्यालं? ते बाटली धरून उभं हायत नुसतं. फोटोवाल्याने धर म्हटलं, धरली.”

“आपल्या बायका घोटभर पाण्यासाठी ओढा खणतात, आणि आपलाच बँड बाटली विकतो?”

बेंजोवाल्याने बोट वर केलं. “अध्यक्षीणबाई, एक इचारू? मग आमी ऐकायचं काय?”

“जुनी कॅसेट.”

“ती एवढी घासलेय की दोन्ही बाजू एकदमच वाजतात.”

ठराव एकमताने, म्हणजे माझ्या मताने, मंजूर झाला. विकत घ्यायची नाही, वाजवायची नाही, ऐकायची नाही, नाव घ्यायचं नाही. रात्रीचं जेवण नको असं वाटण्याइतकी मी दुःखी होते, पण पत्रक मात्र सुरेख उतरलं. बाबांनी स्वतः स्टेन्सिल कापलं. शेवटी त्यांनी ‘पाड्यांना टँकर मिळालाच पाहिजे’ ही मागणी जोडली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “आता झालं पत्रक.” तशी शाबासकी मला दहावीच्या निकालालाही मिळाली नव्हती. संघटनेच्या पाणी मोर्चाच्या पत्रकांबरोबर माझंही पत्रक दोन्ही तालुक्यांत वाटलं गेलं. त्यात बँडचं नाव ठळक अक्षरात होतं. बहिष्कार कुणावर ते सांगायला एकदा लिहावंच लागलं. नाव न लिहिण्याचा ठराव त्यानंतर लागू झाला.

आता काय झालं ते नीट सांगते, कारण पत्रकांवर वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवत नाही. पत्रक निघेपर्यंत त्या बँडचे आमच्याकडे तीन चाहते होते. पत्रक निघाल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी दादाच्या जीपमध्ये टोपल्या घेऊन चढलेली एक म्हातारी म्हणाली, “ती बहिष्कारवाली कॅसेट लाव की रे पोरा. बघू तरी काय म्हनतात.”

दादाने ठरावाला जागून सांगितलं, “माझ्याकडं नाय, आजी.”

“मग त्या मागच्या जीपवाल्याकडं कशी हाय?”

शहापूरच्या कॅसेटवाल्याने आयुष्यात इंग्रजी कॅसेट ठेवली नव्हती. त्याने एक खोका मागवला आणि दुकानाच्या काचेवर माझंच पत्रक चिकटवलं, आतून, म्हणजे मला फाडता येऊ नये. मी भांडायला गेले तर त्याने मला बसायला स्टूल दिलं. “ताई, पुढचा बहिष्कार कोनावर? आधी सांगा, माल भरून ठेवतो.”

दादाने पंधरवडाभर दम धरला. मग प्रवासी मागच्या जीपमध्ये जायला लागले, तसा एक दिवस त्याच्या डेकमध्येही ती कॅसेट आली. मी जीपमध्ये बसले की तो डेक बंद करायचा आणि मागून सगळे ओरडायचे, “अरे लाव! तिला उतरव!” मी फाट्यावर उतरून चालत घरी जायची. स्टँडवर, टपरीवर, सगळीकडे मी कानांत बोटं घालून फिरत होते. ज्या कॅसेटची मी जगात सगळ्यात जास्त वाट पाहिली होती, ती दोन तालुक्यांत फक्त मीच ऐकलेली नव्हती. शेळ्या राखणाऱ्या पोरांना ती पाठ होती.

बेंजोवाला वर्गात मागच्या बाकावरून छळायचा. “नुसतं सांगू का कसं हाय ते? सांगायला बंदी नाय ठरावात.”

“नको.”

“बरं.” मग पुढे वाकून, “पन दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं ना...”

“नको म्हटलं ना!”

“नाय सांगत. फक्त त्यात मधे एक जागा हाय. तिथं गिटारवाला असा काय... जाऊ दे. तुझा बहिष्कार हाय.”

पण सर्वांत मोठा घाव घरात बसला. एका सकाळी बाबा सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवत होते आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. संघटनेचं गाणं नव्हतं. ताल दांड्याशी पक्का जुळत होता. मी विचारलं, “बाबा, हे काय?”

ते दचकले. “कुठे काय? जीपमध्ये वाजत होतं. मी ऐकत नव्हतो. मी फक्त बसलो होतो.”

मी कानांत बोटं घालून आत गेले. दांड्याचा आवाज अर्धवट थांबला आणि मग बिनतालाचा सुरू झाला.

मे महिन्यात दादाचं लग्न निघालं. नवरी मुरबाडकडची. दादाला सख्खी बहीण नाही, म्हणून करवली मी. करवलीने नवऱ्याच्या मागे कऱ्हा घेऊन चालायचं असतं: पाण्याने भरलेला तांब्या, वर आंब्याची पानं आणि नारळ. मी आधी साफ नाही म्हटलं. लग्नातल्या मानपानाविरुद्ध माझंच एक पत्रक होतं, त्यात करवलीच्या मानाला मी ‘सरंजामी अवशेष’ म्हटलं होतं. काकी येऊन आमच्या ओट्यावर बसली. “अवशेष तर अवशेष गो. पन त्याला दुसरी बहीण कुठून आणू?”

मी दादाला अट घातली: लग्नात ती कॅसेट वाजणार नाही. त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली. आणि खरं सांगायचं तर त्याने ती अक्षरशः पाळली. लग्नात कुठलीच कॅसेट वाजली नाही.

नवरीच्या गावात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाची मिरवणूक निघाली. पुढे बेंजो, मग टोपीत तुरा खोचलेला दादा, मागे शालू नेसलेली मी, दोन्ही हातांत कऱ्हा. गावाला टँकर लागलेला होता. कऱ्हा भरून देताना नवरीच्या आत्याने बजावलं, “जपून ने गो. टँकरचं पानी हाय.” मी मान हलवली. त्या पाण्याचं राजकारण मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे असं मला वाटत होतं.

देवळासमोर दोन नेहमीची हळदीची गाणी झाली. मग बेंजोवाल्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. शपथेवर सांगते, त्याला माझे हात दिसले. त्याने नव्या तारांवर बोटं टेकवली आणि एक चाल सुरू केली जी मी कधीच ऐकली नव्हती, पण बाबांच्या दांड्यामुळे अर्धी ओळखीची होती. ढोल तिच्याखाली सरकला. सगळं वऱ्हाड, म्हातारे, पोरं, पदर खोचलेल्या बायका, एकच ओरडा करत नाचायला लागलं. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.

मी कान झाकायला हात उचलू शकत नव्हते. हातांत कऱ्हा होता. ‘जरा कुणी धरता का’ म्हणून मी आजूबाजूला पाहिलंही, अगदी प्रामाणिकपणे. मग ती जागा आली, गिटारवाल्याची, आता बेंजोवरची. चाल वर चढत गेली, चढत गेली, आणि टोकाला जाऊन एक क्षण नुसती उभी राहिली. मला ते चौघे बाटलीवाले आठवले आणि फार राग आला, कारण इतकं चांगलं त्यांनी याआधी काहीच केलेलं नव्हतं. वाईट केलं असतं तर किती बरं झालं असतं.

“अगं ए करवली!” नवरीची आत्या ओरडली. “पानी सांडतंय! टँकरचं हाय!”

मी खाली पाहिलं. शालूची कड ओली झाली होती, पायांवर धूळ आणि पाणी मिळून चिखल झाला होता. माझा उजवा पाय ढोलाच्या तालावर पडत होता आणि त्याला कुणी थांबवत नव्हतं.

बाबा गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. त्यांनी माझा चेहरा पाहिला, मग कऱ्हा. पुरुषाने कऱ्हा धरल्याचं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही, पण बाबांना असल्या गोष्टींचं कधी काही वाटलं नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “दे इकडे, मी धरतो. तुला कान झाकायचे आहेत ना?”

त्यांना ते खरंच वाटत होतं. माझ्या बहिष्काराचा आदर करणारा त्या वऱ्हाडात तेवढा एकच माणूस होता.

मी कऱ्हा छातीशी घट्ट धरला.

“नको बाबा,” मी म्हटलं, “हा मान करवलीचा असतो.”